लाळग्रंथी कशा शिकाव्यात: बीडीएसच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला स्पॉटरमध्ये (नमुना पाहून ओळखायच्या प्रश्नात) पॅरोटिडची, म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीची, स्लाइड होती आणि मी ‘स्वादुपिंड’ लिहून आले. दोन्हीकडे जांभळट सीरस (पातळ स्राव सोडणाऱ्या) पेशींचे घोस, दोन्हीकडे नलिका. जर्नलमध्ये चार वेळा काढलेली आकृती तेव्हा आठवली, पण उपयोगी पडली नाही. सुट्टीत हा धडा मी वेगळ्या क्रमाने पुन्हा शिकले. तुम्ही सुरुवातच तशी करा.

आधी स्वतःचं तोंड बघा. थोडी चिंच चघळा आणि आरशासमोर जीभ टाळूला लावा. जिभेखालच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे दिसतील, त्यांतून लाळ पाझरताना दिसेल. ही व्हार्टनची नलिका, सबमँडिब्युलर (जबड्याखालच्या) ग्रंथीची, सुमारे ५ सेंटिमीटर लांब. लाळ इथे खालून वर चढते, शिवाय ती दाटसर असते, म्हणून लाळेचे खडे बहुतेक इथेच होतात. आता जिभेचं टोक वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला लावा. तिथे पॅरोटिडची स्टेन्सन नलिका उघडते. गालगुंडात सुजते ती हीच ग्रंथी. तिचं आवरण फारसं ताणत नाही, म्हणून आंबट खाल्लं की कळ येते.

मग विकास. भ्रूणविज्ञान बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतात. माझ्या मते रचनेच्याही आधी तेच वाचावं. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात तोंडाच्या अस्तरातून एक कोंब खालच्या मेसेन्काइममध्ये (गर्भाच्या सैल ऊतकात) शिरतो. त्याच्या टोकाला खाच पडते, एकाचे दोन होतात, दोनाचे चार. सुरुवातीला सगळं भरीव असतं. पुढे देठाच्या मधल्या पेशी मरतात, पोकळी होते, तीच नलिका; टोकांचे घोस होतात. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की घोसापासून तोंडाकडे इंटरकॅलेटेड, स्ट्रायेटेड, एक्सक्रिटरी हा नलिकांचा क्रम घोकावा लागत नाही.

पॅरोटिडचा कोंब सर्वांत आधी फुटतो, पण आवरण मात्र सर्वांत शेवटी बनतं. तोवर लसिकाग्रंथी आत अडकतात, आणि वॉर्थिन ट्यूमर (लसिका ऊतक असलेली लाळग्रंथीची साधी गाठ) जवळजवळ नेहमी पॅरोटिडमध्येच का सापडतो ते इथे कळतं. फेशियल नर्व्हही याच ग्रंथीतून जाते, पण तिला लाळ सोडायला लावत नाही. ते काम ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हचं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

आता स्लाइड. घोसांकडे नंतर वळा, आधी नलिका शोधा. गडद गुलाबी, तळाशी उभ्या रेघा असलेली नलिका दिसली की ती स्ट्रायेटेड. रेघा म्हणजे पेशीच्या तळाच्या घड्या आणि त्यांत उभे रचलेले मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे घटक. सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घ्यायला एवढी ऊर्जा लागते, आणि म्हणूनच लाळेत रक्तद्रवापेक्षा क्षार कमी असतात. स्वादुपिंडात या नलिका नसतातच. तिथे लँगरहॅन्सची फिकट बेटं (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) असतात. मी त्या दिवशी नेमकं हेच पाहिलं नव्हतं.

सबमँडिब्युलरमध्ये म्यूकस (चिकट स्राव सोडणाऱ्या) पेशींवर सीरस पेशींची चंद्रकोर दिसते, डेमिल्यून. ऊतक झटकन गोठवून पाहिलं तेव्हा मात्र त्या सीरस पेशी म्यूकस पेशींच्या रांगेतच, पोकळीपर्यंत पोचलेल्या दिसल्या. नेहमीच्या प्रक्रियेत म्यूकस पेशी फुगतात आणि त्यांना मागे ढकलतात. जर्नलमध्ये चंद्रकोर काढा, आणि व्हायव्हात विचारलं तर ती तशी का दिसते तेही सांगा.