कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नका राव

साईटवर हे मी कायम बघतो. पोरगं बीममध्ये पडद्याच्या रॉडसाठी दहा-बारा होलं मारतं, बॅटरी उतरते, ती तशीच गरमागरम काढून चार्जरवर ठोकतं आणि लाल लाइट लुकलुकायला लागला की ओरडतं, दादा चार्जर बिघडला! अरे बिघडला नाही, तोच तुझ्यापेक्षा शहाणा आहे, बॅटरी थंड होईपर्यंत थांबलाय. पण हे चांगल्या चार्जरचं झालं. स्वस्तातल्या किटबरोबर तो बारीक पिनेचा मोबाईलसारखा अ‍ॅडॉप्टर येतो ना, त्याला बॅटरी तापलीय की नाही याचा काही पत्ता नसतो, तो आपला ढकलत राहतो करंट. मग तिथं डोकं आपणच वापरायचं.

म्हणून एकच सवय लावा. बॅटरी काढली की तळहातावर धरून बघा, गरम लागली तर सावलीत फरशीवर अर्धा तास ठेवा, मग चार्जिंग. फ्रीजमध्ये वगैरे अजिबात नको, आत ओल धरते. बहुतेक पॅकना चार्जिंग करताना ४० डिग्रीच्या आसपासची मर्यादा असते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडं नुसती हवाच ४५ ला जाते, तेव्हा तिकडं उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर नाहीतर रात्री जागं असताना उरकायचं, आणि बॅटऱ्या गाडीच्या डिकीत टाकून दुपारभर उन्हात गाडी उभी करायची नाही.

आत काय असतं तेही सांगतो, म्हणजे पटेल. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, फुल चार्ज झाले की प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. त्यामुळं २० व्होल्ट मॅक्स आणि १८ व्होल्ट हा फरक फक्त डब्यावरचा. ४८ आणि ८८ असे मोठे आकडे लिहिलेल्या स्वस्त पॅकमध्येही बऱ्याचदा तेच पाच सेल निघतात, आकड्यावर जाऊ नका. ज्या पॅकचा जो चार्जर आहे तोच वापरा, पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही.

जुने मिस्त्री सांगतात पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नको. ते निकेल कॅडमियमच्या जमान्यात ठीक होतं, लिथियमला उलट त्रास होतो. ड्रिलचा जोर कमी झाला की थांबायचं, पुन्हापुन्हा ट्रिगर दाबून शेवटचा थेंब पिळायचा नाही. महिना-दोन महिने काम नसेल तर अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून ठेवा.

चार्जर फरशीवर नाहीतर कडप्प्यावर ठेवा, गादीवर, भुश्यात किंवा थिनरच्या डब्याशेजारी नाही (हसू नका, पॉलिशवाल्यांच्या खोलीत मी बघितलंय). रात्रभर लावून झोपायचं नाही, फुल झाली की काढायची. आणि सुटी बॅटरी स्क्रूच्या पिशवीत कधीच टाकू नका. एक स्क्रू बॅटरीच्या दोन पत्त्यांमध्ये (करंट जातो त्या धातूच्या पट्ट्या) आडवा बसला की शॉर्ट, बॅटरीचं झाकण हरवलं असेल तर निदान चिकटपट्टी लावा. ग्राइंडरचा लोखंडी भुगा पण तिथंच जाऊन बसतो, बॅटरी काढून कोरड्या ब्रशने झाडत जा.

फुगलेली, उंचावरून पडून तडकलेली, पाण्यात भिजलेली किंवा गोडसर उग्र वास मारणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. धूर निघाला तर जमल्यास लांबूनच मेन स्विच पाडा, बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो, नाकाला रुमाल बांधून जवळ जाऊ नका.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोडीनं फोडतो आणि सेलला भोक पडलं की तिथंच पेट घेते. पत्त्यांवर टेप लावून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या.