‘नेट चालत नाही’ म्हणताना होणाऱ्या या चुका टाळा

‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीमागे निदान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. फोन आणि राउटर यांच्यातला वायफायचा दुवा कमजोर असेल. राउटर ठीक असेल, पण बाहेरून येणारी फायबर तुटली असेल. सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात अडचण असेल. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा उत्तर देत नसेल. समोरचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते ते यंत्रच, बंद असेल. किंवा सगळं सुरळीत असूनही ब्राउझर जुनं पान धरून बसला असेल.

या सहांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. तरी बहुतेक जण काय बिघडलंय ते न बघता सेटिंग बदलायला घेतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! शिवाय घाईत बदललेली सेटिंग तशीच राहते आणि मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही नेट चालत नाही, कारण आता दुसरा बिघाड आपणच तयार केलेला असतो. म्हणून पहिला नियम असा: आधी शोधा, मग हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

वायफायच्या पट्ट्या दिसतात म्हणजे नेट आहे, असं समजणं

या पट्ट्या तुमचं उपकरण आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलबद्दलच सांगतात. राउटरच्या पलीकडे काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. बाहेरची केबल पूर्ण काढून ठेवली तरी पट्ट्या भरलेल्याच दिसतील.

तपासणी सोपी आहे. दुसऱ्या उपकरणावर नेट चालतंय का ते पाहा. चालत असेल तर राउटर आणि बाहेरची लाइन निर्दोष आहेत, दोष पहिल्या उपकरणातच शोधायचा. कुठल्याच उपकरणावर चालत नसेल तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. राउटरचं पान उघडलं, म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि अडचण त्याच्या पुढे आहे.

नेटवर्कच्या माहितीत तुमच्या उपकरणाचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा आकडी पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. कोणी देत नाही म्हटल्यावर उपकरणाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतलेला असतो. अशा वेळी वेबसाइट, ब्राउझर, डेटा प्लॅन यांपैकी काहीही तपासण्यात अर्थ नाही. वायफाय बंद करून पुन्हा जोडा, नाहीतर राउटर रीस्टार्ट करा.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर केबलमधून येणारा प्रकाशच पोहोचत नाहीये. कुठेतरी केबल तुटली आहे, सुटली आहे किंवा फार वाकली आहे. इथे रीस्टार्टने काही होत नाही, तक्रारच नोंदवावी लागते. आणि सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

रीस्टार्टच्या जागी रीसेट करणं

मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते, कारण ती काही सेकंदांत होते आणि निस्तरायला दिवस जातो.

रीस्टार्ट म्हणजे राउटर बंद करून पुन्हा चालू करणं. त्याचा उपयोग खरोखर होतो आणि त्याला कारण आहे. तुमच्या सगळ्या उपकरणांना मिळून बाहेरच्या जगासाठी बहुधा एकच पत्ता असतो. कोणतं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) कोणत्या उपकरणाचं, याची यादी राउटर आपल्या स्मृतीत ठेवतो. ही यादी तुंबली, एखादा प्रोग्राम अडकला किंवा कंपनीकडून मिळालेल्या पत्त्याची मुदत संपताना गोंधळ झाला, की पॅकेटं हरवू लागतात. बंद-चालू केल्यावर यादी नव्याने सुरू होते. प्लग काढून अर्धा मिनिट थांबा. मोडेम (बाहेरची लाइन ज्यात येते तो डबा) आणि राउटर वेगळे असतील तर आधी मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर.

रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून धरून ठेवणं. त्याने राउटरमधली सगळी सेटिंग पुसली जाते: वायफायचं नाव, पासवर्ड आणि अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेलं लॉगिनही. ते लॉगिन तुमच्याकडे लिहून ठेवलेलं नसेल, तर चालू असलेली लाइनही आता जोडता येणार नाही. त्या भोकाला हात लावण्याआधी राउटरच्या पानावरच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

इंटरनेट आणि वेब एकच आहेत असं धरून चालणं

हा फरक परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटतो, पण बिघाड शोधताना फार कामाला येतो. इंटरनेट म्हणजे जोडलेल्या जाळ्यांचं जाळं आणि त्यातून पॅकेटं नेण्याचे नियम. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने, टीसीपी/आयपी हे नियम स्वीकारले, आजचं इंटरनेट त्यांवरच चालतं. वेब, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, दुव्यांनी एकमेकांना जोडलेली पानं, त्यानंतर आला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत त्याचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तो सर्वांसाठी खुला केला. ईमेल तर वेबच्या कितीतरी आधीची.

म्हणजे वेब ही इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक. म्हणून पान उघडत नसेल तर वेब सोडून दुसरं काही चालतंय का ते पाहा. मेसेजिंग अ‍ॅपवर निरोप जातायत, आधीपासून चालू असलेला कॉल सुरू आहे, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही, असं असेल तर लाइन चालू आहे. तेव्हा संशय डीएनएसवर (डोमेन नेम सिस्टिमवर) घ्यायचा.

डीएनएस ही नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये रचली. तोवर जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये ठेवलेली असत आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची. तुम्ही साइटचं नाव टाकलं, की तुमचं उपकरण आधी डीएनएस सर्व्हरला आयपी पत्ता विचारतं आणि तो मिळाल्यावरच खऱ्या सर्व्हरकडे जातं. डीएनएस गप्प बसला तर रस्ता असूनही जायचं कुठे हे कळत नाही. तपासायचं असेल तर संगणकाच्या कमांड खिडकीतून ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी छोटी विचारणा पाठवा. उत्तर येतंय आणि नावाने केलेलं पिंग अडतंय, तर दोष डीएनएसचाच. मग सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा.

मोठ्यांनाही हेच झेपत नाही कधी कधी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामातल्या एका आज्ञेने कंपनीची अंतर्गत जोडणी तुटली. त्यामुळे तिच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाण्याचे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि त्या साइटच्या नावांचे पत्ते कुणालाच मिळेनात. त्या वेळी घरचा राउटर कितीही वेळा रीस्टार्ट केला असता तरी काहीच झालं नसतं. एकच साइट बंद असेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर थांबणं हाच उपाय असतो.

चूक सांगणारा संदेश न वाचता पान बंद करणं

ब्राउझर संदेशातून बरंच काही सांगत असतो. फक्त तो वाचायला हवा.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे विचारणा गेली आणि उत्तरच आलं नाही. वाटेत काहीतरी तुटलंय किंवा समोरचं यंत्र बंद आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे जोडणी नाकारली गेली. बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोहोचलो, पण तिथे ती सेवा चालू नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे या नावाची साइट नाही, तेव्हा आधी टंकनाची चूक शोधा.

तीन आकडी संदेश आला तर आनंदाची गोष्ट आहे. तुमचं नेट व्यवस्थित आहे, कारण हा आकडा पलीकडच्या सर्व्हरनेच पाठवलाय. ४ ने सुरू होणारे आकडे विनंतीबद्दल बोलतात: ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही, ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही, ४२९ म्हणजे तुमच्याकडून फार वेळा विचारणा झाली. ५ ने सुरू होणारे सर्व्हरचे दोष आहेत. ५०३ आला तर थोड्या वेळाने परत या.

प्रमाणपत्राची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची, चूक दाखवणारा इशारा मात्र वेगळा. तो एकदम सगळ्याच साइटवर दिसू लागला तर उपकरणाची तारीख-वेळ तपासा. प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि घड्याळ मागे पडलं की चांगली प्रमाणपत्रंही अवैध ठरतात. एकाच साइटवर इशारा येत असेल, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत, आणि वेगाची चुकीची चाचणी

प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात, आणि १ जीबीच्या फाइलला निदान ८० सेकंद लागणारच. यात कुणी फसवलेलं नसतं.

स्पीड टेस्ट वायफायवर, दोन भिंतींच्या आडून केली तर ती तुमच्या वायफायची चाचणी होते. लाइनचा वेग पाहायचा असेल तर लॅन केबल लावून पाहा. केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर निम्मा, तर कंपनीला फोन करू नका, राउटरची जागा बदला. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यावर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि आजूबाजूच्यांचे राउटर यांचीही गर्दी असते. त्यातले एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणून १, ६ आणि ११ वापरतात. ५ गिगाहर्ट्झ जास्त वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

याहून महत्त्वाचं आहे ते उशिराचं गणित. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला निदान १०० मिलिसेकंद लागतात. त्यात पान उघडायला एक खेप पुरत नाही. साध्या सुरक्षित जोडणीत एक खेप ओळख करायला, एक कूटबद्धतेच्या बोलण्यांना आणि एक पान मागायला जाते. मग त्या पानातली चित्रं आणि इतर फाइली वेगळ्या. प्लॅनचा वेग दुप्पट केला तरी हे १०० मिलिसेकंद कमी होत नाहीत. पानं जड वाटतात म्हणून महागडा प्लॅन घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

व्हिडिओ कॉल तुटत असेल आणि स्पीड टेस्टचा आकडा छान येत असेल, तर अपलोड पाहा. एखादा फोन पाठीमागे शेकडो फोटो क्लाउडवर चढवत असला, की राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत अडकतो. बॅकअप थांबवा आणि कॉल सुधारतो का ते पाहा.

कुलूप दिसलं म्हणून साइटवर विश्वास ठेवणं

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या सर्व्हरमधला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही. सर्व्हरचा मालक प्रामाणिक आहे की लबाड, याची खात्री त्यात नाही. प्रमाणपत्र आज मोफत मिळतं आणि ते फसवणाऱ्यालाही मिळतं. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलुपाचं चिन्हच काढून टाकलं.

विश्वास ठेवायचा तो पत्त्यावर, आणि तो उजवीकडून वाचायचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग खरा मालक सांगतो. ‘तुमचीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट’ ही साइट बँकेची नाही, ती ‘खाते-तपासणी.नेट’ नावाच्या कुणाचीतरी आहे.

इन्कॉग्निटो खिडकीबद्दलही असंच. ती खिडकी बंद केल्यावर तुमच्या ब्राउझरमधला त्या खिडकीचा इतिहास आणि कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात. पण सेवा देणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती वेबसाइट यांच्यापासून ती तुम्हाला लपवत नाही. बिघाड शोधायला मात्र ती उत्तम. साइट साध्या खिडकीत अडते आणि इन्कॉग्निटोत चालते, तर दोष जुन्या कुकीत, कॅशेत (साठवून ठेवलेल्या जुन्या पानांत) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या जादा प्रोग्राममध्ये) आहे. अशा वेळी ब्राउझरचा सगळा डेटा पुसू नका, सगळीकडून लॉगआउट व्हाल. त्या एका साइटचा डेटा पुसला की पुरतं.

‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगून तक्रार नोंदवणं

कंपनीला फोन करण्याआधी पाच गोष्टी लिहून घ्या: बिघाड कधीपासून आहे, सगळ्या उपकरणांवर आहे की एकावर, केबल लावूनही तसाच आहे का, राउटरचं पान उघडतं का, आणि डब्यावरचे कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत. दिव्यांचा आणि चूक सांगणाऱ्या संदेशाचा फोटो जवळ ठेवा. ‘केबलवरही तेच होतंय, राउटरचं पान उघडतं, ८.८.८.८ ला पिंग जात नाही, एलओएस लाल नाही’ असं सांगितलं, की तक्रार घेणाऱ्याला पुन्हा राउटर बंद-चालू करायला लावण्याचं कारण उरत नाही. बिघाड अधूनमधून येत असेल तर प्रत्येक वेळची नोंद ठेवा. संध्याकाळीच येत असेल तर कंपनीच्या जाळ्यावरचा ताण, पाऊस पडल्यावर येत असेल तर बाहेरच्या केबलचा जोड, हा अंदाज त्या नोंदीवरूनच बांधता येतो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.