शाब्दिक उदाहरणावरून असमानता कशी मांडायची

समीकरण सहज मांडणारी मुलं असमानतेच्या शाब्दिक उदाहरणात अडतात ती बहुतेक वेळा चिन्हापाशी. आकडेमोड येत असते. ≤ (त्याहून कमी किंवा तेवढंच) घालायचं की ≥ (त्याहून जास्त किंवा तेवढंच), हे कळत नाही. म्हणून चिन्हाकडे शेवटी वळावं.

आधी चल ठरवा आणि त्याचा अर्थ पूर्ण लिहा. ‘ख = खोकी’ एवढ्यावर भागत नाही. ‘ख = लिफ्टमध्ये ठेवलेल्या खोक्यांची संख्या’ असं हवं. चल ही संख्या असते, वस्तू नव्हे. हे सुटलं की पुढे ख म्हणजे खोकी की खोक्यांचं वजन, असा घोळ होतो.

समजा, लिफ्टमध्ये जास्तीत जास्त ४८० किलो वजन चालतं. आत ६५ किलोचा एक माणूस आहे आणि प्रत्येकी २० किलोची खोकी चढवायची आहेत. खोक्यांचं वजन २०ख, माणूस धरून एकूण ६५ + २०ख. ही राशी आणि ४८० ही मर्यादा एकाच एककात आहेत ना, ते इथेच बघून घ्या.

आता चिन्ह. मर्यादेची संख्या घेऊन तीन प्रश्न विचारा. बरोबर ४८० किलो भरले तर चालेल? चालेल. ४८१? नाही. ४७९? हो. म्हणून ६५ + २०ख ≤ ४८०.

‘हा शब्द आला की हे चिन्ह’ असा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे तीन प्रश्न कितीतरी भरवशाचे, कारण शब्द चकवतात. ‘कमीत कमी ४० गुण हवेत’ यात ‘कमी’ दिसतं आणि हात ≤ कडे जातो. पण ४० चालतात, ४१ चालतात, ३९ नाही, म्हणजे चिन्ह ≥. ‘१० पेक्षा जास्त नसावेत’ यात ‘जास्त’ असूनही ≤ येतं. ‘१२ वर्षांखालील’ मध्ये १२ धरत नाहीत, ‘१२ वर्षांपर्यंत’ मध्ये धरतात. आणखी एक जागा: ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ ही नुसती राशी आहे, क्ष − ५. ‘५ ही संख्या क्ष पेक्षा कमी आहे’ ही असमानता, ५ < क्ष. वाचताना तो ‘ने’ निसटू देऊ नका.

लिफ्टचं उदाहरण सोडवलं की २०ख ≤ ४१५, म्हणजे ख ≤ २०.७५. सवयीने जवळचा पूर्णांक घेतला तर २१ खोकी होतात आणि वजन ४८५ किलो भरतं. उत्तर २०. संख्यारेषेवरही इथे सलग रेघ ओढू नये. ० ते २० या पूर्णांकांवर सुटे ठिपके द्यावेत.

वजाबाकी आली की जास्त जपावं लागतं. टाकीत ५०० लिटर पाणी आहे, तासाला ४० लिटर वापरलं जातं आणि किमान १२० लिटर शिल्लक राहायला हवं. त तासांनंतर:

५०० − ४०त ≥ १२०
−४०त ≥ −३८०
त ≤ ९.५

शेवटच्या पायरीत ऋण संख्येने भागलं, म्हणून चिन्ह उलटलं. ३ < ५ असतं, पण −३ > −५. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की क्रम उलटतो. चिन्ह तसंच ठेवलं असतं तर त ≥ ९.५ आलं असतं. त = १० घालून पाहा: १०० लिटरच उरतात, अट मोडते. नवशिक्या मुलांनी ४०त उजवीकडे नेऊन ३८० ≥ ४०त करावं हे उत्तम. उलटवण्याचा प्रश्नच येत नाही. इथे ९.५ चं ९ करू नका. वेळ साडेनऊ तास असू शकतो, खोकं पाऊण असू शकत नाही. पण ऋण वेळेला अर्थ नाही, म्हणून पूर्ण उत्तर ० ≤ त ≤ ९.५. संख्यारेषेवर दोन्ही टोकांना भरीव गोल द्यावा. < किंवा > असतं तर तो पोकळ ठेवला असता.