धीर देताना या चुका टाळा

ख्रिस्ती मंडळीत कोणी खचलेले दिसले की चार धीराचे शब्द बोलावेत, असे प्रत्येक विश्वासणाऱ्याला वाटते. तरीही कित्येकदा आपण बोलून गेल्यावर ती व्यक्ती अधिकच गप्प होते. याला कारण प्रेमाचा अभाव क्वचितच असतो, बहुतेक वेळा घाई नडते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पुरते ऐकून घेण्याआधी दुःखाचा अर्थ सांगू लागणे. बायबलमधील ईयोब मुले, संपत्ती व आरोग्य गमावून बसला तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. बिघडले ते त्याच्या दुःखामागे पाप शोधू लागल्यावर. विशेष हे की, त्यांची सगळीच वाक्ये खोटी नव्हती. त्या मित्रांपैकी अलीफजचे एक वाक्य पुढे प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात आधारासाठी घेतले आहे. तरीही अखेरीस देवाचा कोप अलीफजवर व त्याच्या दोघा मित्रांवरच झाला. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी ठरतात, हे रोमकरांस पत्र 8:28 मधील वचन शोकाकुल घरात पाऊल ठेवताच ऐकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वचन खरे आहेच, पण त्याच अध्यायात त्याआधी सृष्टीचे, विश्वासणाऱ्यांचे आणि पवित्र आत्म्याचे कण्हणे येते, आणि ते ओलांडून थेट 28व्या वचनावर जाण्याची मुभा आपल्याला कोणी दिलेली नाही.

दुसरी चूक मोघम स्तुतीची. तुमची सेवा फार छान आहे, असे म्हटल्याने ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौल नावे घेतो आणि बहुतेकांच्या नावापुढे कारणही देतो: फीबीने पुष्कळांना साहाय्य केले, मरीयेने फार श्रम घेतले, प्रिस्क व अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. आपणही प्रत्यक्ष पाहिलेले एखादे काम नेमकेपणाने सांगावे.

जिथे भाकरीची गरज आहे तिथे केवळ आशीर्वाद देऊन परतणे किती पोकळ असते, हे याकोबाने 2:15-16 मध्ये स्पष्टच लिहिले आहे. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूतानेही उपदेश न करता त्याला उठवून खायला सांगितले.

प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली कोणाची खासगी अडचण सर्वांसमोर मांडणे हा तर विश्वासघातच होय. त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी. (डोळे मिटून, प्रार्थनेच्या आडून समोरच्याला सल्ले ऐकवणे हाही त्यातलाच प्रकार.)

शब्द आधीच चुकीचे गेले असतील, तर पुन्हा भेटावे, काय खुपले ते विचारावे आणि आपला हेतू कसा चांगला होता याचा खुलासा न करता क्षमा मागावी. समोरच्याने विषय टाळला तर आग्रह धरू नये. पुढच्या भेटीत फक्त विचारपूस करावी आणि उत्तर लांबले तरी मध्ये बोलू नये.