काखेत आर्टरी सापडली नाही तेव्हा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी हे लिहितोय. हाताचं डिसेक्शन सुरू झालं की काख येतेच. ॲक्झिलरी आर्टरी, म्हणजे काखेतली मुख्य धमनी, पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेपासून टेरेस मेजर या स्नायूच्या खालच्या कडेपर्यंत, पेक्टोरॅलिस मायनर या छातीच्या स्नायूमुळे तिचे तीन भाग, शाखा अनुक्रमे एक, दोन, तीन. एवढं पाठ असलं की व्हायवा निभावते.

आमच्या टेबलावर उजव्या खांद्याची क्वाड्रँग्युलर स्पेस (स्नायू आणि हाडामधली चौकोनी फट) मी मोकळी केली, तर आत ॲक्झिलरी नर्व्ह एकटीच. तिच्यासोबत असते ती पोस्टीरियर सर्कमफ्लेक्स ह्युमरल आर्टरी, म्हणजे दंडाच्या हाडाला मागून वळसा घालणारी ॲक्झिलरीची शाखा, कुठेच नाही. चरबी काढताना माझ्याच हातून कापली गेली, असं वाटून दोन दिवस गप्प राहिलो. ज्यांनी देहदान केलं त्यांचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं. शेवटी मॅडमना सांगितलं. त्यांनी फोर्सेप्सने टेरेस मेजरची खालची कड उचलली. आर्टरी शाबूत होती! प्रोफंडा ब्रॅकी या दंडातल्या खोल धमनीमधून निघून, टेरेस मेजरच्या खालून वळसा घेत खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूकडे चढलेली.

तेव्हापासून मी वाहिनी कुठून निघते यापेक्षा कुठे जाते ते आधी बघतो. तुम्हीही टोक सापडेपर्यंत काही कापू नका.

ऑर्थोपेडिक्सला गेल्यावर याच शाखेची किंमत कळली. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) हेडला, म्हणजे वरच्या गोल टोकाला, मुख्य रक्त पुढून जाणाऱ्या अँटीरियर सर्कमफ्लेक्सकडून मिळतं, असं बराच काळ मानत. 2010 मध्ये हेट्रिक आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या खांद्यांवर एमआरआयने मोजलं, तर पोस्टीरियरचा वाटा 64 टक्के निघाला. खांद्याजवळचं फ्रॅक्चर उघडताना ती नेहमीच्या जागी नसेल आणि आपण बेसावध असू, तर रक्तस्राव होतो, हेडही धोक्यात येतं. कधी ती आणि सबस्कॅप्युलर आर्टरी एकाच खोडातून निघतात. पाठीच्या लॅटिसिमस डॉर्साय स्नायूचा फ्लॅप (दुसरीकडे लावायचा तुकडा) उचलणाऱ्या प्लास्टिक सर्जनने ते खोडच बांधलं, तर दोन्ही गेल्या. मनगटाशी नाडी लागते ती रेडियल आर्टरी कोपराऐवजी काखेतूनच सुटलेलीही दिसते. अँजिओग्राफीवाल्यांना ती चांगली ठाऊक असते.

वेगळं काही दिसलं की त्याच दिवशी वहीत चित्र काढा, बाजू लिहा, आणि दुसरा खांदाही उघडून बघा. आमच्या त्या देहाच्या डाव्या खांद्यात आर्टरी क्वाड्रँग्युलर स्पेसमधूनच गेली होती, नर्व्हला चिकटून.