लॉगआउट दाबल्यावर नेमकं काय काय पुसलं जातं?

नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. एका प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश अर्जाचं पोर्टल आमच्या टीमकडे होतं आणि त्यातलं लॉगिन मी लिहिलं होतं. अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या एका सेवा केंद्रातून फोन आला. तिथे एकाच संगणकावर मुलं रांगेनं अर्ज भरत होती. केंद्र चालवणारे काका म्हणाले, "अहो मॅडम, आधीच्या मुलीनं माझ्यासमोर लॉगआउट केलंय. पण पान पुन्हा उघडलं की तिचाच अर्ज येतोय. जातीचा दाखला, पासबुकाचा फोटो, सगळं दिसतंय."

मी लगेच माझ्या मशिनवर लॉगिन केलं, लॉगआउट दाबलं आणि एफ१२ दाबून लोकल स्टोरेज, म्हणजे साइटची माहिती साठवायची ब्राउझरमधली जागा, उघडलं. तिथलं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याचा पुरावा, गेलेलं होतं. तसं मी लीड मॅडमना सांगितलं. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता पान रिफ्रेश कर." केलं. मी पुन्हा आत होते. लॉगआउट दाबल्यावर लॉगिनचं पान दिसतं एवढंच मी आजवर तपासलं होतं, रिफ्रेश कधी केलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "लॉगआउट दाबल्यावर काय काय पुसलं गेलं पाहिजे ते आधी कागदावर लिही. कोड मग बघू." मला एकच ओळ लिहिता आली.

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या आणि पहिल्या नोकरीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींसाठी त्या कागदावरच्या बाकीच्या ओळी इथे लिहिते आहे.

सुरुवात इथून करा: सर्व्हरला माणूस लक्षात राहत नाही. एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. तुम्ही पासवर्ड दिलात, तो बरोबर निघाला, तरी पुढच्याच क्लिकला सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनोळखी. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर कुकी हा उपाय काढला. सर्व्हर उत्तरासोबत 'सेट-कुकी' नावाचा हेडर, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरची सूचना, पाठवतो. ब्राउझर ती छोटीशी नोंद जपतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर आपणहून परत नेऊन देतो. 'आपणहून' हा शब्द लक्षात ठेवा. कुकीची सोय त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

कुकीत काय असतं? देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला डोळ्यांसमोर आणा. त्यावर फक्त आकडा असतो. चपला कुणाच्या, कसल्या, हे बिल्ल्यावर नसतं. त्या स्टँडवाल्याकडे त्या आकड्याच्या खणात असतात. सेशन म्हणतात ते हेच. कुकीत एक लांबलचक, अंदाज न करता येणारा आकडा आणि सर्व्हरकडे त्या आकड्यासमोर तुमची नोंद. लातूरला बीएस्सी करताना पीएचपीत 'सेशन स्टार्ट' ही ओळ मी वर्षभर लिहिली, पण ती 'पीएचपीसेसआयडी' नावाची कुकी ठेवते हे कधी उघडून पाहिलं नाही. पायथनच्या जँगो या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) हीच नोंद डेटाबेसच्या तक्त्यात जाते आणि काही बदललं नाही तर दोन आठवडे टिकते. तुम्ही जी चौकट शिकत असाल, तिच्यात ही नोंद कुठे राहते ते आजच शोधा.

बिल्ल्याची दुसरी बाजू अशी की ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला. स्टँडवाला चेहरा पाहत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन जाहीर केलं. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या कुकी त्यात यादीसारख्या दिसायच्या आणि नावावर क्लिक केलं की त्याच्या खात्यात शिरता यायचं. कारण त्या काळी बऱ्याच मोठ्या साइट पासवर्डचं पान तेवढं एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर झाकून नेणाऱ्या एचटीटीपीवर, ठेवत आणि पुढचा सगळा व्यवहार साध्या एचटीटीपीवर चालू देत. पासवर्ड झाकलेला, बिल्ला मात्र उघडा. आज कुकीवर 'सिक्युअर' ही खूण असते, ती यासाठी: ही कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच पाठव.

आता दुसरी पद्धत. एसटीचा विद्यार्थी पास आठवा. नाव, मार्ग, मुदत सगळं त्यावरच लिहिलेलं आणि खाली शिक्का. कंडक्टर डेपोला फोन करत नाही. शिक्का आणि तारीख पाहतो, पुढे जातो. जेडब्ल्यूटी हे टोकन तसं आहे. २०१५ च्या आरएफसी ७५१९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात त्याचं स्वरूप ठरलं. त्यात माहिती असते आणि सर्व्हरची सही असते. सही जुळली आणि मुदत शिल्लक असली की झालं, डेटाबेस उघडायची गरज नाही. पण नव्या मुलांच्या दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, टोकन म्हणजे कुलूप लावलेली पेटी असं वाटतं. तसं नाही. नेहमीच्या सही केलेल्या टोकनात मजकूर बेस६४ मध्ये लिहिलेला असतो, तो कुणीही वाचू शकतो. सहीमुळे फक्त बदलता येत नाही. आधार क्रमांक त्यात टाकू नका. दुसरी चूक जास्त महागात पडते: हरवलेला पास मुदत संपेपर्यंत चालतच राहतो. परत घ्यायचा म्हटलं तर रद्द केलेल्या पासांची यादी ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा डेटाबेस आलाच.

म्हणून बरेच जण दोन्ही एकत्र वापरतात आणि आमच्या पोर्टलमध्येही तेच होतं. प्रत्येक विनंतीबरोबर दाखवायचं पंधरा मिनिटांचं ॲक्सेस टोकन लोकल स्टोरेजमध्ये आणि ते संपलं की नवं मिळवून देणारं सात दिवसांचं रिफ्रेश टोकन कुकीत, त्याची नोंद सर्व्हरकडच्या तक्त्यात. पान उघडताच, ॲक्सेस टोकन नसेल तर आमचा कोड गुपचूप 'एपीआय/ऑथ/रिफ्रेश' या पत्त्यावर जायचा, कुकी दाखवायचा आणि नवं ॲक्सेस टोकन घेऊन यायचा.

आता दोष कुठे होता ते सांगते. हा भाग सावकाश वाचा, कारण असाच दोष मी नंतर इतरांच्या कोडमध्येही पाहिला आहे.

रिफ्रेशची कुकी ठेवताना मी तिचा पाथ, म्हणजे ती कुठल्या पत्त्यांखालच्या विनंत्यांबरोबर जावी ते, 'एपीआय/ऑथ' असा दिला होता. हेतू चांगला होता, गरज नसलेल्या विनंत्यांबरोबर ती जाऊ नये. पण लॉगआउटचा पत्ता होता 'एपीआय/यूझर/लॉगआउट'. त्यामुळे ब्राउझर लॉगआउटच्या विनंतीबरोबर ती कुकी पाठवतच नव्हता. सर्व्हरला टोकन मिळालंच नाही, म्हणून तक्त्यातली त्या टोकनाची ओळ खोडली गेली नाही. वर, उत्तरात मी कुकी पुसायचा हेडर पाठवत होते, पण त्यात पाथ नुसता '/' होता. ब्राउझरच्या दृष्टीनं कुकीची ओळख नाव, डोमेन आणि पाथ या तिन्हींनी मिळून ठरते. नाव तेच पण पाथ वेगळा म्हणजे कुकीच वेगळी. आम्ही अस्तित्वातच नसलेली कुकी पुसत होतो आणि खरी कुकी जागेवर होती. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, सर्व्हरचं उत्तर २००, म्हणजे सगळं ठीक.

त्या दुपारी आम्ही लॉगआउटचा पत्ता 'एपीआय/ऑथ' खाली आणला, कुकी पुसताना ठेवतानाचाच पाथ दिला आणि तक्त्यातली ओळ खोडली जाते हे डोळ्यांनी पाहिलं. जुनी सगळी रिफ्रेश टोकनं रद्द केली. सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागलं, पण ते गरजेचंच होतं. अर्जाच्या पानांवर, पान साठवून ठेवू नको असं ब्राउझरला सांगणारा 'नो-स्टोअर'चा हेडरही टाकला, नाहीतर लॉगआउटनंतर बॅकचं बटण दाबून जुनं पान दिसण्याची शक्यता उरते. संध्याकाळी काकांना फोन करून पुन्हा करून बघायला सांगितलं. ज्या मुलीचा अर्ज दिसला होता, तिला संस्थेनं फोन करून काय झालं ते कळवावं असा आग्रह मॅडमनी धरला आणि तसं झालं.

या प्रसंगानंतर एक सवय लागली, ती तुम्हीही लावून घ्या. क्रोममध्ये एफ१२ दाबून 'ॲप्लिकेशन' हा टॅब उघडा, फायरफॉक्समध्ये त्याला 'स्टोरेज' म्हणतात. स्वतःच्याच प्रोजेक्टमध्ये लॉगिन करा आणि कुकीची ओळ हातानं खोडून रिफ्रेश मारा. बाहेर फेकले जाल. मग पुन्हा लॉगिन करून कुकीची किंमत कॉपी करा, इनकॉग्निटो खिडकीत चिकटवा, रिफ्रेश करा. पासवर्ड न देता आत जाल. हा प्रयोग करून पाहिला की बिल्ल्याची गोष्ट पुन्हा कुणी सांगावी लागत नाही.

मुलाखतीत हमखास विचारतात: टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचं की कुकीत? पाठ केलेलं उत्तर असतं, 'कुकी सुरक्षित'. एवढ्यावर थांबू नका. लोकल स्टोरेज पानावरची कुठलीही जावास्क्रिप्ट वाचू शकते. तुमचीही, आणि कुणी कमेंटच्या खोक्यातून घुसवलेलीही. ब्राउझर बंद केला तरी ते तसंच राहतं. सेशन स्टोरेज त्या टॅबपुरतं असतं. कुकीला मात्र 'एचटीटीपीओन्ली' अशी खूण लावता येते, मग जावास्क्रिप्टला ती दिसत नाही आणि चोरून दुसरीकडे नेता येत नाही. पण पानात शिरलेल्या स्क्रिप्टला टोकन चोरायची गरजच नसते. ती तुमच्याच ब्राउझरमधून विनंती पाठवते आणि कुकी आपणहून सोबत जाते. २००५ मध्ये मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी कामकार यांची स्क्रिप्ट दिवसभराच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलवर पसरली, ती अशीच, प्रत्येकाच्या चालू लॉगिनवर स्वार होऊन. त्यामुळे माझं मत असं: वेबसाइट आणि सर्व्हर दोन्ही तुमचेच असतील तर एचटीटीपीओन्ली कुकी आणि सर्व्हरवरचं साधं सेशन घ्या. जेडब्ल्यूटी शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या गर्दीत हे जुनाट वाटेल, पण लॉगआउट खऱ्या अर्थानं होतो तो याच पद्धतीत. आणि वापरणाऱ्यानं लिहिलेला मजकूर पानावर दाखवताना एस्केप करणं, म्हणजे तो कोड म्हणून चालणार नाही असा करणं, कुठल्याही पद्धतीत टळत नाही.

कुकी आपणहून जाते याचा दुसरा धोका म्हणजे सीएसआरएफ: भलत्याच साइटवरचा फॉर्म तुमच्या साइटकडे विनंती पाठवतो आणि कुकी तिच्याबरोबर जाते. यावर 'सेमसाइट' ही खूण आहे. २०२० पासून क्रोम, काही लिहिलं नसेल तर, ती 'लॅक्स' धरतो. लॅक्समध्ये दुसऱ्या साइटवरच्या लिंकवर क्लिक करून आलात तर कुकी जाते, तिथल्या फॉर्ममधून पोस्ट झाली तर जात नाही. म्हणून गेट विनंतीनं, म्हणजे लिंकवर क्लिक केल्यावर जाते तशा विनंतीनं, काहीही खोडू किंवा बदलू नका. तरीही फॉर्म तुमच्याच साइटवरून आला हे तपासणारं, चौकटीनं दिलेलं सीएसआरएफ टोकन काढून टाकू नका.

याच खुणेमुळे कॉलेजच्या प्रोजेक्टात एक हमखास गोंधळ होतो. लॅपटॉपवर लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ५००० (म्हणजे आपलाच संगणक, फक्त पोर्टचा आकडा वेगळा) असं सगळं छान चालतं. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री फ्रंटएंड एका मोफत होस्टिंगवर आणि बॅकएंड दुसऱ्यावर चढवला जातो आणि लॉगिन टिकेनासं होतं. पोर्ट वेगळा असला तरी साइट एकच धरली जाते, म्हणून घरी चाललं. डोमेन वेगळं झालं की त्या दोन वेगळ्या साइट होतात. मग 'सेमसाइट=नन' आणि सोबत 'सिक्युअर' लागतं, जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवणाऱ्या फेचमध्ये क्रेडेन्शियल्स 'इनक्लूड' लागतं आणि सर्व्हरच्या कॉर्स हेडरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पत्त्याला परवानगी ते सांगणाऱ्या हेडरमध्ये, तारांकन चालत नाही, नेमका पत्ता द्यावा लागतो. एवढं करूनही आयफोनवर चालेलच असं नाही, कारण सफारी २०२० पासून त्रयस्थ साइटच्या कुकी मुळातच अडवतो. यात रात्र घालवू नका. दोन्ही एकाच डोमेनखाली आणा.

आपल्या भाषेशी जोडलेली एक छोटी गोष्टही सांगते. कुकीत देवनागरी थेट लिहू नये, तिला एन्कोड, म्हणजे साध्या इंग्रजी चिन्हांत रूपांतरित, करावं लागतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट होतात आणि एन्कोड केल्यावर त्यांची नऊ अक्षरं. 'सावित्री' या नावात काना, वेलांट्या, हलन्त धरून आठ चिन्हं आहेत, म्हणजे कुकीत बहात्तर अक्षरं. एका कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइट. गावाचं नाव, तालुका, पूर्ण नाव असं सगळं मराठीत भरत गेलात तर ती मर्यादा वाटते त्याहून लवकर येते. नाव डेटाबेसमध्ये राहू द्या, कुकीत फक्त बिल्ल्याचा आकडा.

आणि सार्वजनिक संगणकाचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. मुदत न दिलेली कुकी ब्राउझर बंद केला की जाते असं पुस्तकात असतं, पण 'मागच्या वेळी होतं तिथून सुरू करा' ही सेटिंग चालू असेल तर ती परत येते. 'मला लक्षात ठेवा' हा चौकोन आधीपासून टिक केलेला ठेवू नका.

आता माझ्या प्रत्येक प्रोजेक्टात लॉगआउटची चाचणी अशी असते: लॉगिन करायचं, कुकी आणि टोकन दोन्ही बाजूला लिहून ठेवायचं, लॉगआउट करायचं, पान रिफ्रेश करायचं. मग ती जुनी कुकी हातानं जोडून रिफ्रेशच्या पत्त्यावर विनंती पाठवायची. उत्तर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, असं यायला हवं. २०० आलं तर बिल्ड पुढे जात नाही.