वैचारिक लेखन शिकवताना: पुरावा आणि 'म्हणून' यांच्या मधली जागा

'मोबाइल : शाप की वरदान' हा विषय फळ्यावर लिहू नका. तो लिहिला की वर्गातल्या सगळ्या वह्यांमध्ये एकच निबंध उतरतो. नाण्याला दोन बाजू असतात, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'वापर कसा करायचा हे आपल्याच हातात आहे'. मुलांचा यात काही दोष नाही. ज्या प्रश्नावर कुणाला काही ठरवायचंच नाही, त्यावर युक्तिवाद कुठून येणार? फार तर यादी येते. 'सुरुवात आकर्षक करा, मध्ये सुविचार पेरा, शेवटी चारोळी टाका' हे गाइडातले सल्ले त्या यादीला झालर लावतात, एवढंच.

खालची पद्धत आठवी-नववीच्या वर्गासाठी आहे. दहावीच्या मराठीतला वैचारिक निबंध आणि इंग्रजीतलं व्ह्यू-काउंटरव्ह्यू (दिलेल्या मताची विरुद्ध बाजू मांडणं) या दोन्हींची तयारी तिच्यात होऊन जाते.

विषय निवडा

कुणाला तरी 'हो' किंवा 'नाही' असा निर्णय घ्यावा लागेल, आणि मुलांना त्याची झळ बसत असेल, असा विषय घ्या. माझा आवडता विषय शाळेच्या वेळेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. कारण मुलांच्या झोपेचं दिलं होतं. मग पाचवी ते दहावीच्या मुलांनी काय घोडं मारलंय? 'पाचवी ते दहावीची शाळाही ९ नंतरच भरावी का?' एवढं फळ्यावर लिहिलं की वर्गात जो गलका होतो, तो पाच मिनिटं होऊ द्या.

बाजू ठरवा

प्रत्येकाने एका वाक्यात आपलं मत लिहायचं. 'काही अंशी', 'परिस्थितीनुसार' हे शब्द पहिल्या दिवशी बंद.

पुरावा जमवा

वर्गातच जमतो. काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात, शाळेत यायला किती वेळ लागतो, हे चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्या आणि बेरीज-सरासरी मुलांकडूनच करून घ्या. आकडे खरे असू देत. मोजून आणलेल्या आकड्याशी मुलं इमानदार राहतात. ऐकीव आकडा मात्र दर वाक्यागणिक फुगत जातो.

दुवा लिहा

दुवा म्हणजे पुराव्यापासून मतापर्यंत नेणारं मधलं वाक्य. खरं काम इथे आहे. माझंही बरीच वर्षं इथेच अडायचं आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं इथून गुपचूप पुढे सरकतात. 'मत मांडा, कारण द्या, उदाहरण द्या' असं सांगून ती मोकळी होतात. मूल तिन्ही गोष्टी करतं आणि तरीही युक्तिवाद उभा राहत नाही.

समजा, चिठ्ठ्यांवरून निघालं की वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं साडेदहानंतर झोपतात आणि साडेपाचला उठतात. मुलं ताबडतोब लिहितात, 'म्हणून शाळा ९ नंतर भरावी.' वरवर ठीक वाटतं. आता शेजारच्याला एकच काम द्या. तो फक्त 'बरं, मग?' एवढंच विचारेल.

'आमची झोप सात तासच होते.'
'बरं, मग?'
'झोप आरोग्यासाठी महत्त्वाची असते.'
'बरं, मग?'

दुसऱ्या 'बरं, मग?'ला वर्ग गप्प होतो. 'झोप महत्त्वाची असते' हे वाक्य कुणीच नाकारत नाही, आणि त्यातून शाळेच्या वेळेबद्दल काहीच निघत नाही. त्याच पुराव्यावरून एखादी आई म्हणेल, 'मग रात्रीचा मोबाइल काढून घेते.' एखादे वडील म्हणतील, 'संध्याकाळचा क्लास बंद करू.' पुरावा तोच, निष्कर्ष तीन. मग आपलाच निष्कर्ष का घ्यायचा? ते सांगणारं वाक्य वहीत कुठेच नसतं. मुलाच्या मनात ते असतं, पण इतकं उघड वाटतं की लिहायची गरजच वाटत नाही.

ते वाक्य असं आहे: 'शाळा उशिरा भरली, तरी मुलं आत्ता झोपतात त्याच वेळी झोपतील, आणि उठायची वेळ तेवढी पुढे जाईल.' हे कागदावर आलं की पहिल्यांदा कळतं की सगळा डोलारा यावर उभा आहे. आणि हे उघड तर मुळीच नाही! मागच्या बाकावरून कुणीतरी नक्की म्हणतं, 'छे, मग आम्ही बारा वाजेपर्यंत जागू.' त्या मुलाला दटावू नका. अख्ख्या वर्गातला सगळ्यात चांगला आक्षेप त्याने घेतलेला असतो.

म्हणजे दुव्यालाही पुरावा लागतो. अमेरिकेत सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांच्या मनगटावर मोजयंत्रं बांधून आधीची आणि नंतरची झोप मोजली. मुलं रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपू लागली होती. हा आकडा मी फळ्यावर लिहिते आणि विचारते, शाळा ५५ मिनिटं पुढे गेली, मग झोप ३४ मिनिटंच का वाढली? मागच्या बाकावरचा पुन्हा खूश होतो, कारण तोही थोडासा बरोबर ठरतो. यानंतर कुणीतरी विचारतंच, 'पण बाई, सिएटलमध्ये दोन सत्रांची शाळा असते का?' आपल्याकडे कित्येक इमारतींत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरते. सकाळची ९ ला सुरू केली, तर दुपारची कधी सुटणार? हा प्रश्न आला की समजायचं, वर्ग मार्गाला लागला.

हे वहीत उतरवण्यासाठी पानाचे तीन उभे भाग करा. डावीकडे पुरावा, उजवीकडे मत, मधला भाग रिकामा. मधल्या भागातलं वाक्य 'जर हे खरं असेल, तर हेही मानावं लागेल की...' असं सुरू करायचं. मधला भाग भरल्याशिवाय 'म्हणून' हा शब्द वापरायचा नाही. या नियमात मी कुणालाही सूट देत नाही, हुशार मुलांना तर नाहीच. त्यांची भाषा इतकी गुळगुळीत असते की दुवा नाही हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

काही गोष्टी मात्र टाळा. दुवा तुम्ही सांगून टाकू नका. तास संपत आला की जीभ वळवळते, पण तुम्ही सांगितलेलं वाक्य उद्या सगळ्या वह्यांत जसंच्या तसं दिसेल. एका तासात एकाच पुराव्याचा दुवा घ्या. पस्तीस मिनिटांत तीन पुरावे करायला गेलात तर तिन्ही कच्चे राहतात. मधल्या जागेत सुविचार आला की खोडा. 'लवकर निजे, लवकर उठे' ही ओळ तिथे हमखास येते, आणि तिच्या आधाराने दोन्ही बाजू सारख्याच जोरात भांडू शकतात. आणि आधी तोंडी घ्या, मग लेखी. तोंडी 'बरं, मग?' दोन-तीनदा पचवलेलं मूल लिहिताना आपोआप थबकतं.

हे कुणाला परदेशी खूळ वाटत असेल, तर आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय परंपरेत, युक्तिवादाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. एवढ्यावर नैयायिक (न्यायदर्शनाचा पंडित) समाधान मानत नाही. 'जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात' हे त्याला उघडपणे म्हणून घ्यायचं असतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या आराखड्यातही पुरावा आणि दावा यांच्या मध्ये नेमकी हीच जागा आहे. मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका. शिक्षकांच्या खोलीत कुणी 'हे काय नवीन?' म्हणालं, तर उपयोगी पडतात.

पूर्वपक्ष लिहा

पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचं म्हणणं. दुवा नीट झाला की हे सोपं जातं, कारण विरोधक बहुतेक वेळा दुव्यावरच बोट ठेवतो. 'काही लोकांना असे वाटते, पण ते चुकीचे आहे' असली वाक्यं स्वीकारू नका. विरुद्ध बाजूच्या मुलाला परिच्छेद वाचायला द्या. 'हो, हेच माझं म्हणणं आहे' असं लिहून त्याने खाली सही केली, तरच उत्तर लिहायला परवानगी. काही मुलांची बाजू इथे बदलते. बदलू द्या, पण पहिलं वाक्य नव्याने लिहायला लावा.

सुरुवात आणि शेवट

सगळ्यात शेवटी लिहायचे, दोन-दोन ओळींत. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' दिसलं की वही परत.

तपासणी

लाल पेनाने फक्त 'म्हणून' आणि 'कारण' यांच्याभोवती गोल करा. दोन्हीकडची वाक्यं एकमेकांना धरून आहेत का, एवढंच पाहा आणि नसतील तर समासात 'बरं, मग?' लिहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पक्क्या लिखाणात काढा. पहिल्याच फेरीत त्या काढल्यात, तर मूल वेलांट्या दुरुस्त करून वही परत आणतं आणि मधली जागा रिकामी ती रिकामीच राहते.